नाटकाला काय घालून जाऊ?



नाटकाला जायचं ठरलं की घरात तीन प्रश्न निघतात. तिकिटं कुठल्या रांगेतली मिळाली, मध्यंतरात वडा खायचा की घरी येऊन जेवायचं, आणि काय घालून जायचं. पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. तिसरा मात्र कपाटाच्या दारापाशी जाऊन अडतो. सिनेमाला जाताना तो एवढा छळत नाही. अंगावर असेल त्या कपड्यांत, पायात चप्पल सरकवून माणूस निघतो. नाटकाला तसं निघवत नाही. का निघवत नाही आणि तसं निघालं तर काय बिघडतं, याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

मी शिंप्याचा मुलगा. मिरजेत अब्बांचं दुकान होतं. दोन मशीन, कापड बेतायचं एक लांब टेबल आणि फळीवर रेडिओ, एवढाच संसार. ईद आणि दिवाळी हे आमचे सुगीचे दिवस, हे वेगळं सांगायला नको. पण एक तिसरी घाईही असायची. गावात एखादं गाजलेलं नाटक येणार असलं की गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणायचं, "मास्तर, शनिवारपर्यंत शर्ट मिळायलाच पाहिजे. रात्री नाटक आहे." लग्नाला नवा कपडा हवा हे मला समजायचं. पण तीन तास जिथं अंधारात बसायचं, तिथं नवा शर्ट कशाला? एकदा मी अब्बांना हे विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अंधेरा बाद में होता. पैले तो सब एक-दूसरे को देखतेच ना."

बोलणं एका ओळीचं, पण त्यात बराच इतिहास आहे. आमच्या शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो. हे नाटक झालं ते सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. संस्थानिकांसमोर बसायचं म्हणजे घरच्या पंचावर बसून कसं चालेल? डोक्याला पगडी हवी, अंगात अंगरखा हवा. नाटकाला नीटनेटकं जायचं हे वळण आपल्याला पहिल्या दिवसापासूनच लागलेलं आहे. पुढं नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. दिव्यांच्या आणि गॅसबत्त्यांच्या त्या काळात प्रेक्षागृह आजच्यासारखं मिट्ट अंधारात बुडत नसे. नाटक चालू असतानाही लोक एकमेकांना दिसत. म्हणजे रंगमंचावर एक खेळ आणि खुर्च्यांवर दुसरा.

या दोन्ही खेळांना जोडणारं माणूस म्हणजे बालगंधर्व. १९०५ साली आमच्या मिरजेतच ते पहिल्यांदा शकुंतला म्हणून रंगमंचावर आले. हे मिरजकर कुणालाही सांगतात, मीही सांगून घेतो. पुढं त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीचा कपडेपट हा एक स्वतंत्र चर्चेचा विषय झाला. खरे भरजरी शालू, खऱ्या पैठण्या. बालगंधर्व पदर कसा घेतात, केसांत फुलं कशी माळतात, हे पाहायला घरंदाज बायका येत आणि घरी जाऊन तसं करून पाहत. एका पुरुषानं महाराष्ट्रातल्या बायकांना लुगडं नेसायला शिकवलं असं म्हटलं, तर त्यात फार अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते. पुढं गोहरबाई कर्नाटकी आल्या. रंगमंचावर आणि त्याच्या पायथ्याशी कोण कुठल्या घरातून आलं आहे, हे सुराच्या आड कधी आलं नाही.

पण बालगंधर्वांची मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट शालूची नाही, ठिगळाची आहे. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगमंचावर आलं. त्यात दारुड्या नवऱ्याच्या सिंधूचं काम करताना हाच भरजरी शालूंचा राजा ठिगळ लावलेल्या लुगड्यात उभा राहिला. डोळ्यांसमोर आणून पाहा. खाली शालू नेसून, दागिने घालून बसलेल्या बायका, आणि वर फाटक्या लुगड्यातली सिंधू. त्या बायका सिंधूसाठी रडल्या तेव्हा आपल्या अंगावर काय आहे हे त्यांना आठवत असेल का? मला नाही वाटत. नाटक लागायला लागलं की आधी कपडा गळून पडतो. पुढच्या रांगेतल्याचा आणि पिटातल्याचाही.

आता जरा लांब जाऊ. नाटक म्हणजे मखमली पडदा आणि लाल खुर्च्या, असं आपण शहरातली माणसं धरून चालतो. पण विदर्भाच्या पूर्वेकडं, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. धानाची कापणी झाली, गावोगाव मंडई भरू लागली की तिथं नाटकांचा हंगाम सुरू होतो. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. थंडी अशी की शहरातला माणूस पहिल्या अंकातच उठून जाईल. तिथं 'नाटकाला काय घालायचं' याचं उत्तर सरळ आहे: स्वेटर, मफलर, कानटोपी आणि वर एक ब्लँकेट. कोकणात दशावतारालाही रात्र जागवायची असते. तिथं चादर अंगाभोवती लपेटून बसलेला प्रेक्षक सोंगाइतकाच जुना आहे. आणि तमाशाच्या फडावर तर कपडा नुसता अंगावर राहत नाही. लावणी रंगली की डोक्यावरचा फेटा हवेत जातो. टाळ्या अपुऱ्या पडतात तेव्हा फेटा दाद देतो.

मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणगावातले कामगार नाटक बघायचे, स्वतः करायचेही. पाळी संपवून, अंगावरचा कापूस धुऊन, धुतलेला लेंगा-सदरा घालून माणसं येत. तो सदरा महाग नसेल, पण दिवसभराच्या कामाचा कपडा उतरवून तो घातला, याला अर्थ होता. आजची रात्र गिरणीची नाही, माझी आहे, असं तो सांगत होता. नंतर १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'नं प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली. तिथल्या प्रेक्षकानं सूट आणि शालू दोन्ही नाकारले. खादीचा कुडता, पायात कोल्हापुरी, दाढी वाढवलेली आणि खांद्याला शबनम. शबनम म्हणजे दव. खांद्यावर दव घेऊन एक पिढी नाटकाला जात होती, आणि त्या दवात बहुधा पुस्तकं, रुमाल आणि लोकलचा पास असायचा. गंमत अशी, की 'आम्ही कपड्यांना महत्त्व देत नाही' असं म्हणता म्हणता कुडता आणि शबनम हाच एक गणवेश झाला. इस्त्रीची पँट घालून कुणी आला तर तोच परका वाटायचा.

म्हणजे बघा, पगडी, शालू, ब्लँकेट, लेंगा, शबनम, सगळं चालून गेलेलं आहे. मराठी नाटकाला ठरलेला पोशाख कधी नव्हता आणि आजही नाही. तिकिटावर रांग छापतात, आसन क्रमांक छापतात, कपड्यांचं काही छापत नाहीत.

मग काहीच पथ्यं नाहीत का? आहेत. पण ती दिसण्याची नाहीत. ती शेजाऱ्याची आहेत. नाटक ही तीन-चारशे माणसांनी मिळून गप्प राहण्याची गोष्ट आहे. चित्रपटातला नट आपल्या चुळबुळीनं विचलित होत नाही. नाटकातला होतो. रंगमंचावरच्या प्रकाशातून त्याला आपण दिसत नाही, फार तर पहिली रांग दिसते. पण आपण त्याला ऐकू येतो. म्हणून कपडा निवडताना आरशात एकदा बघा आणि मग कान द्या. नव्या कडक रेशमी साडीची सळसळ, मनगटभर काचेच्या बांगड्या, पैंजण, चुरचुरणारं जॅकेट, चर्र करून उघडणारी पर्स, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. नट दोन वाक्यांमध्ये जी जागा सोडतो, तिच्यावर त्यानं महिनाभर तालीम केलेली असते. नेमक्या त्या जागेत पिशवी वाजते.

दुसरं पथ्य वासाचं. अत्तर हा आमच्या घरचा विषय, त्यामुळं अधिकारानं बोलतो. कानात अत्तराचा एक फाया ठेवला तर तो शेजाऱ्यापर्यंत हळूच जातो आणि त्यालाही बरं वाटतं. मोगऱ्याचा गजराही चालतो. पण बंद वातानुकूलित सभागृहात बाटलीभर सेंट फवारून कुणी आलं, तर शेजारच्या दमेकऱ्याचं नाटक तिथंच संपतं.

तिसरं डोक्याचं. उंच अंबाडा, मोठी वेणी, तुऱ्याचा फेटा, काठाची हॅट. मागच्या माणसानं तिकिटाचे पैसे आपल्या डोक्याची मागची बाजू पाहायला दिलेले नसतात. चौथं उजेडाचं. टिकल्यांचं झगझगीत काम रंगमंचावरचा प्रकाश उचलतं आणि बाजूच्याच्या डोळ्यांत टाकतं. हल्ली मनगटावरची नवी घड्याळं हात हलला की आपोआप उजळतात. तीही कपड्यांतच धरायची आणि आत शिरण्याआधी विझवायची. छोट्या प्रायोगिक रंगमंचावर पहिल्या रांगेत बसणार असाल तर पांढरं शुभ्र टाळलेलं बरं, कारण तिथं नटाचा उजेड तुमच्या मांडीपर्यंत येतो. सतरंजीवर बसायचं असेल तर मांडी घालता येईल असं काही घाला. पावसाळ्यात निथळती छत्री आणि करकरणारे बूट यांची व्यवस्था बाहेरच लावा. आणि एक शाल जवळ असू द्या. आपल्याकडं काही नाट्यगृहांतला एसी असा चालतो की शाल पांघरावी लागते, आणि काहींतला असा बंद पडतो की तिचाच पंखा करावा लागतो.

अब्बा म्हणायचे, कपडा असा बेतावा की घालणाऱ्याला तो अंगावर असल्याची आठवण राहू नये. काखेत दाटला, गळ्याशी आवळला, की माणूस दिवसभर कपड्याशीच बोलत राहतो. नाटकाच्या कपड्याला यापेक्षा वेगळी कसोटी नाही.

इथं भाषण संपवता आलं असतं. पण 'काय घालून जाऊ' हा प्रश्न प्रत्येक वेळी कपड्यांचाच असतो असं नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या एका मावशींना त्यांच्या दुसऱ्या घरच्या बाईंनी नाटकाचे दोन पास दिले. मावशींना नाटकाची आवड. संवाद पाठ. पण गेल्या नाहीत. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिथं नेसून जाण्यासारखं काय नाय ओ माझ्याकडं." त्यांच्याकडं लुगडी होती. लग्नाला, जत्रेला त्या चांगल्या नटून जात. मग नाटकालाच साडी का मिळेना? कारण त्या विचारत होत्या ते वेगळंच. तिथं मी चालेन का? मला बघून कुणी बाजूला सरकणार नाही ना? या प्रश्नाचं उत्तर कपाटात नव्हतं.

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. एका मोठ्या शहरात शुक्रवारी संध्याकाळी नाटक होतं. नमाज पढून मी तसाच नाट्यगृहावर गेलो. अंगात कुडता, डोक्यावर टोपी. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतले एक गृहस्थ मोठ्या आपुलकीनं माझ्याकडं वळले आणि हिंदीत म्हणाले, "आपको समझ में आता है ना? थोडा बताऊँ क्या?" मी म्हणालो, "समजतंय हो. पण पहिला अंक जरा लांबला, नाही?" ते क्षणभर थांबले आणि खो खो हसले. पुढची दहा मिनिटं आम्ही वडा खात नाटककाराची चिरफाड केली. माणूस सज्जन होता. माझ्याशी बोलण्याआधी तो माझ्या टोपीशी बोलला, इतकंच. चौकड्याचा शर्ट घालून मी अशाच खुर्च्यांवर कितीतरी नाटकं पाहिली आहेत. तेव्हा मला कुणी नाटक समजावून सांगायला आलेलं नाही. तीस वर्षं मराठीत कविता लिहितो, पण शर्ट जे सांगू शकतो ते कवितेला सांगता येत नाही.

माझ्या अम्माची गोष्ट याच्या उलट आहे. दुकानातल्या रेडिओवर नाट्यगीतं लागायची. काजं-बटणं करताना ती ऐकायची आणि गुणगुणायची. 'सौभद्र'मधली पदं तिला येत होती, पण 'सौभद्र' तिनं पाहिलं नव्हतं. मी दहा-बारा वर्षांचा असताना गावात प्रयोग लागला आणि अब्बांनी तिकिटं आणली. अम्मा बुरखा घालूनच बाहेर जायची, तशीच आली. बाहेर थोड्या नजरा वळल्या. ती माझा हात घट्ट धरून चालत होती. आत गेल्यावर पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. नऊवारी, अंबाड्यावर अबोलीची भरघोस वेणी. मला वाटलं, आता या काहीतरी म्हणणार. त्या म्हणाल्या, "दिसतंय ना हो तुम्हाला? माझ्या वेणीचं आड येत असेल तर सांगा." आणि उत्तराची वाट न बघता थोड्या कडेला सरकून बसल्या. तिसरी घंटा झाली, अंधार पडला. अम्मानं नकाब वर केला. मग नांदी सुरू झाली.

त्या बाईंचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. पण पुढं कितीतरी वर्षं अम्मा नाटकाचा विषय निघाला की कृष्ण-अर्जुनाच्या आधी त्यांची आठवण काढायची. एका बाईनं दुसऱ्या बाईच्या कपड्यांकडं पाहिलं, आणि तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो 'हिला दिसतंय का' हा. नाट्यगृहातली रीत म्हणजे यापलीकडं काय असते?

आमच्या नात्यातली एक मुलगी कॉलेजात आहे. डोक्याला स्कार्फ बांधते. तिची मैत्रीण राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका नाटकात काम करत होती. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिचा मला फोन आला, "चाचा, नाटक को क्या पेनके जाऊँ?" पंधरा मिनिटं ती रंगांबद्दल बोलत राहिली. मग हळूच म्हणाली, "स्कार्फ चलता ना उधर?" तेव्हा कळलं की फोन रंगांसाठी नव्हता. मी सांगितलं, कॉलेजला जाताना जे घालतेस तेच घाल. फक्त चप्पल वाजणारी नको आणि मोबाइल बंद ठेव. दुसऱ्या रात्री अकरा वाजता पुन्हा फोन. मैत्रीण कुठं चुकली, म्हातारा झालेल्या मुलानं कसं काम केलं, शेवट तिला का पटला नाही, हे ती अर्धा तास सांगत होती. काय घातलं होतं हे सांगायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

म्हणून आज तुमच्याकडं दोन मागणी आहेत. एक, जे नाटकाला जाऊ की नको म्हणून कपाटासमोर उभे आहेत त्यांच्याकडं. स्वच्छ, धुतलेलं, अंगाला सुखाचं, आवाज न करणारं जे काही घरात असेल ते घाला आणि निघा. नटावंसं वाटलं तर जरूर नटा, सणासारखं नटा. आपल्या आज्यांनी तेच केलं. नटावंसं वाटत नसेल तर कामाच्या कपड्यांत या. हातपाय धुऊन आलात तर पुष्कळ झालं. कुणी तुमचं कापड मोजणार नाही. मोजलंच कुणी, तर तिसरी घंटा होईपर्यंत. पुढचे तीन तास ते तिकिटाच्या पैशात तुमचे आहेत.

दुसरी मागणी जे नेमानं जातात त्यांच्याकडं. आपल्याला नाट्यगृह घरच्यासारखं झालेलं असतं. कुठल्या जिन्यानं बाल्कनीत जायचं, वडा कुठला चांगला, सगळं ठाऊक असतं. शेजारी कुणी बिचकत येऊन बसलं, त्याचे कपडे, टोपी, बुरखा, मळका सदरा आपल्यासारखा नसला, तर नजर तिथं थांबवू नका. पाय आखडून त्याला आत जायला वाट द्या. आपलं डोकं त्याच्या आड येत नाही ना, एवढं बघा. मराठी नाटकाला प्रेक्षक कमी झाले अशी तक्रार आपण ऐकतो. जे आले नाहीत त्यांतले काही जण पैशांमुळं आले नसतील, काही वेळेमुळं. पण काही जण 'तिथं घालून जाण्यासारखं आपल्याकडं काही नाही' म्हणून घरी बसलेले आहेत. त्यांना आणणं आपल्या हातात आहे.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नाटकांच्या जाहिराती असतात. या आठवड्यात एखादा प्रयोग निवडा. दोनऐवजी तीन तिकिटं काढा आणि तिसरं अशा कुणाला तरी द्या. कपड्यांबद्दल विचारलं तर सांगा, आहे तेच घालून चला, वाटेत तुम्हाला घेतो.